पीपीएम, टक्के आणि मोल: द्रावणाचं गणित नेमकं चुकतं कुठं

द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन तीनेक आठवडे झाले की दरवर्षी आप्पांचा फोन येतो. घड पोपटी झालेत, पहिला जीए (जिबरेलिक अॅसिड, वाढीचं संप्रेरक) मारायचाय, १० पीपीएमचा, ब्लोअरची टाकी ६०० लिटरची, "अगं पटकन सांग बरं, पावडर किती टाकू?" मी सांगते ६ ग्रॅम, आणि ते फोन ठेवायच्या आत विचारते की पुडीवर काय लिहिलंय ते वाचा. ते चष्मा शोधतात, वाचतात, ९० टक्के. मग ६ नाही आप्पा, ६.७ ग्रॅम टाका, आणि आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा, कारण जीए थेट पाण्यात नीट विरघळत नाही.

मी अकरावी बारावीला केमिस्ट्री शिकवते. माझ्या वर्गातली मुलं मोलॅरिटीची गणितं दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत बरोबर सोडवतात, पण त्यातल्याच कितीतरी जणांच्या घरी द्राक्षबाग आहे आणि घरी औषध किती टाकायचं ते मात्र दुकानदार सांगेल तसं ठरतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण वर्गातलं गणित आणि टाकीतलं गणित एकच आहे, फक्त एकात बीकर असतो आणि दुसऱ्यात ट्रॅक्टर. म्हणून एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. थोडं लांबेल, पण गणिताला घाबरू नका, गुणाकार भागाकाराच्या पुढं काहीच नाहीये.

आधी मूळ गोष्ट. पाण्यात मीठ टाकून ढवळलं की मीठ दिसेनासं होतं, पण ते जात कुठंच नाही. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराईडचे कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, पाण्याचे रेणू त्यांना चारी बाजूंनी घेरून एकेक करून सुटे करतात आणि सगळीकडं सारखे पसरवून टाकतात. म्हणूनच पेल्यातला वरचा घोट आणि तळाचा घोट सारखाच खारट लागतो. जे विरघळतं ते द्राव्य, ज्यात विरघळतं ते द्रावक, आणि दोन्ही मिळून जे होतं ते द्रावण. द्रावणात द्राव्य किती आहे ते सांगणारा आकडा म्हणजे संहती, शेतकरी ज्याला तीव्रता म्हणतात तीच.

आता माझं म्हणणं एवढंच आहे की हा आकडा कधीच एकटा नसतो. तो अपूर्णांक असतो. वर काहीतरी असतं, खाली काहीतरी असतं, आणि आपण सगळे वरचं लक्षात ठेवतो आणि खालचं विसरतो. किती ग्रॅम ते सगळ्यांना पाठ असतं, पण कशात, हे विचारलं की गडबड सुरू होते.

मिठाचंच उदाहरण घेऊ. साधारण २५ अंशाला १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्याच्यापुढं टाकलेलं तळाशी बसून राहतं. याला संपृक्त द्रावण म्हणतात. आता सांगा, हे द्रावण किती टक्क्यांचं? बहुतेक जण पटकन ३६ म्हणतात. पण १०० ग्रॅम पाणी आणि ३६ ग्रॅम मीठ मिळून द्रावण झालं १३६ ग्रॅमचं, आणि टक्के काढायचे असतात सगळ्या द्रावणावर, नुसत्या पाण्यावर नाही. ३६ भागिले १३६, म्हणजे साधारण २६.५ टक्के. पाणी तेच, मीठ तेच, पण खाली १०० धरले की ३६ आणि १३६ धरले की साडेसव्वीस. समुद्राचं पाणी असतं साधारण साडेतीन टक्के खारं, आणि पेण-उरणकडच्या मिठागरात हेच पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हात आटवत नेतात, ते साडेतीनावरून या सव्वीसच्या आसपास पोचलं की मग मिठाचे दाणे धरायला लागतात. तिथं मीठ बाहेरून कोणी टाकत नाही हं, वरचा आकडा तोच राहतो, ऊन फक्त खालचा कमी करत जातं.

पाकाचंही तसंच. एकतारी, दोनतारी हे आपल्या आज्यांनी बोटांनी केलेलं संहतीचं मोजमापच आहे. पाणी आटत गेलं की साखरेचं प्रमाण वाढतं आणि तार लांबते. द्राक्षाची गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर बघतात, १८ ब्रिक्स आली वगैरे म्हणतात, त्या ब्रिक्सचा अर्थही इतकाच की १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर. रसात, पाण्यात नाही.

टक्क्यांचे परत तीन प्रकार आहेत आणि ते कळले नाहीत तर बाटलीवरचं काहीच कळत नाही. १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम, हा एक. १०० मिली द्रावणात किती ग्रॅम, हा दुसरा, दवाखान्यातली सलाईन या हिशोबात असते, ०.९ टक्के म्हणजे १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ, लिटरला ९ ग्रॅम. आणि १०० मिलीत किती मिली, हा तिसरा, सॅनिटायझरवर ७० टक्के अल्कोहोल लिहितात तो. पातळ द्रावणं असली की पहिल्या दोघांत फारसा फरक पडत नाही कारण पाण्याचा १ मिली म्हणजे जवळपास १ ग्रॅमच, पण घट्ट अॅसिड वगैरे असलं की फरक प्रचंड पडतो, त्यावर पुढं येते.

टक्क्यांवरून आठवलं, घरात लहान मूल असेल तर हे नक्की वाचा. पॅरासिटामॉलचं सिरप येतं ते कुठलं ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, कुठलं १२५, कुठलं २५०. आणि तान्ह्या बाळांसाठी ड्रॉप्स येतात ते १ मिलीत १०० मिलिग्रॅम. म्हणजे ड्रॉप्सचे ५ मिली दिले तर पोटात ५०० मिलिग्रॅम गेले, १२५ वाल्या सिरपच्या चौपट! औषध तेच, रंग जवळपास तोच, चमचाही तोच. "डॉक्टरांनी ५ मिली सांगितलंय" हे वाक्य बाटलीवरच्या आकड्याशिवाय अर्धवट आहे. डॉक्टर मिलीत सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर एक ठराविक बाटली असते, आणि मेडिकलवाल्यानं दुसरी दिली तर मिली बदलायला हवेत, म्हणून बाटली बदलली की परत विचारायचं, त्यात लाजायचं काही कारण नाही.

आता पीपीएम. नाव ऐकून भारी वाटतं पण पीपीएम म्हणजे दहा लाखात एक. टक्का म्हणजे शंभरात एक, तसंच हे, फक्त खाली शंभराऐवजी दहा लाख. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, एक किलो म्हणजे १००० ग्रॅम, १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, म्हणजे एका लिटरात बरोब्बर दहा लाख मिलिग्रॅम पाणी झालं. म्हणून लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे १ पीपीएम. हे एवढं एकच वाक्य पाठ करा, बाकी काही पाठ करायची गरज नाही. आप्पांचं गणित आता तुम्हीच करा, १० पीपीएम म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, टाकी ६०० लिटर, ६००० मिलिग्रॅम, म्हणजे ६ ग्रॅम. पण पुडीतल्या पावडरीत १०० ग्रॅमला ९० ग्रॅमच जीए आहे, म्हणून ६ भागिले ०.९, ६.६७ ग्रॅम. आणि एक टक्का म्हणजे किती पीपीएम? दहा हजार. हेही कामाला येतं. (जीए कुठल्या वाणाला, कुठल्या अवस्थेत, किती पीपीएम, हे मात्र तुमच्या सल्लागाराला विचारा, मी फक्त हिशोब सांगतेय.)

पीपीएमचं सगळ्यात मोलाचं काम गावोगावी रोज होतं आणि त्याच्याकडं कोणाचं लक्ष नसतं, ते म्हणजे विहिरीत टाकायची टीसीएल पावडर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकतो ती. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर, ताजी आणि चांगली असेल तर तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ढोबळ नियम असा की १००० लिटर पाण्याला २.५ ग्रॅम पावडर. कुठून आला हा अडीचचा आकडा? २.५ चे ३३ टक्के म्हणजे ०.८२५ ग्रॅम, म्हणजे ८२५ मिलिग्रॅम, ते १००० लिटरात, म्हणजे लिटरला साधारण ०.८ मिलिग्रॅम. ०.८ पीपीएम. बस, एवढंच.

आता विहिरीत पाणी किती ते काढायचं. गोल विहीर धरू, व्यास ५ मीटर, आणि दोरीला दगड बांधून सोडला तर पाणी भरलं ४ मीटर. ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले खोली भागिले ४, म्हणजे ३.१४ × २५ × ४ ÷ ४, आले ७८.५ घनमीटर. एका घनमीटरात १००० लिटर, म्हणजे ७८,५०० लिटर. पावडर लागली ७८.५ × २.५, म्हणजे १९६ ग्रॅम, २०० धरा. इथं खालचा आकडा कोण विसरतं माहितीये? पावसाळ्यात सगळेच विसरतात. मे महिन्यात त्या विहिरीत १ मीटर पाणी असतं आणि ऑगस्टमध्ये ६ मीटर, पण पावडरीचं माप वर्षभर एकच, एक वाटी. मेमध्ये पाण्याला वास मारतो म्हणून लोक तक्रार करतात आणि ऑगस्टमध्ये, जेव्हा गढूळ पाणी विहिरीत उतरतं आणि खरी गरज असते, तेव्हा तीच वाटी सहापट पाण्यात पडते.

दुसरी चूक पावडरीतच असते. टीसीएलला दमट हवा लागली की क्लोरीन उडून जातं. मी एका गावात मुलांना घेऊन गेले होते, जुलै महिना, पावडर नियमात टाकत होते, वजन करून टाकत होते, काही चूक नव्हती, आणि तरी नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट काही पिवळी येईना. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन, त्याचे थेंब पाण्यात टाकले आणि क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. गोणी बघितली तर तोंड उघडं, खोलीत ओल, पावडरीचे गोळे झालेले. समजा त्या पावडरीत ३३ च्या जागी २० टक्केच क्लोरीन उरलं असेल, तर हिशोब करून बघा. आपल्याला पाण्यात क्लोरीन हवंय ७८,५०० × ०.८२५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ६५ ग्रॅम. ६५ भागिले ०.२०, म्हणजे ३२५ ग्रॅम पावडर हवी, १९६ पुरणार नाहीत. वजन बरोबर होतं, वरचा आकडाच खोटा होता, कारण आपण वजन करतो पावडरीचं आणि काम करतं क्लोरीन.

आणि ०.८ पीपीएम टाकलं म्हणून नळाला ०.८ येत नाही. पाण्यातला गाळ, पालापाचोळा, जंतू हे सगळे मिळून क्लोरीन खातात, त्यातून उरलेलं ते शिल्लक क्लोरीन, आणि नळापाशी ते निदान लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवं. म्हणून पावडर आधी बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळलेलं पाणी विहिरीत नीट मिसळायचं, निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबायचं आणि मग टेस्ट करायची. टेस्ट करायची ती गावातल्या शेवटच्या नळाला, विहिरीपाशी नाही.

इथपर्यंत सगळं वजनात चाललं होतं. आता मोल, जिथं मुलांचा चेहरा पडतो.

मोल लागतो कशाला हे कोणी सांगत नाही, थेट ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात फळ्यावर लिहितात. दवाखान्यात चला. सलाईनची एक बाटली असते ०.९ टक्के मिठाची, आणि शेजारी दुसरी टांगलेली असते ५ टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची. एकात लिटरला ९ ग्रॅम, दुसऱ्यात लिटरला ५० ग्रॅम. इतका फरक आणि तरी शिरेत जाताना दोन्ही रक्ताला साधारण सारख्याच वाटतात. कसं काय? कारण रक्तातल्या पेशीला ग्रॅम कळत नाहीत, तिला कण किती ते कळतं. बाहेर कण कमी असले तर पाणी पेशीत शिरून पेशी फुगते, जास्त असले तर पेशीतलं पाणी बाहेर येऊन ती आक्रसते. म्हणून वजन नाही, नग मोजायला हवेत.

आता रेणू काही हातानं मोजता येत नाहीत, इतके बारीक. पण बँकेत नाण्यांची थैली मोजतात कशी? वजन करून. एका नाण्याचं वजन माहीत असलं की थैलीच्या वजनावरून नग निघतात. मोल म्हणजे तेच. कुठल्याही पदार्थाचं रेणुवस्तुमान घ्या, तेवढे ग्रॅम वजन करा, त्यात नग नेहमी सारखेच येतात, ६.०२२ × १०²³. मिठाचे ५८.४४ ग्रॅम असोत की ग्लुकोजचे १८० ग्रॅम, नग तेवढेच. डझन म्हटलं की अंडी असो की केळी, बारा, तसं.

आता करा हिशोब. ९ भागिले ५८.४४ म्हणजे ०.१५४ मोल मीठ, लिटरला. पण मीठ विरघळलं की एका नगाचे दोन कण होतात, सोडियम वेगळा आणि क्लोराईड वेगळा, म्हणून ०.३०८ मोल कण. ग्लुकोज ५० भागिले १८०, ०.२७८ मोल, आणि ग्लुकोज तुटत नाही, एकाचा एकच. ०.३०८ आणि ०.२७८, म्हणजे ३०८ आणि २७८ मिलिमोल, आणि रक्ताचा आकडा आहे साधारण २९०. बघा कसे शेजारी शेजारी आले! मी पहिल्यांदा हा हिशोब स्वतः केला तेव्हा मला मोल कळला, त्याच्या आधी मी फक्त सूत्रात आकडे भरत होते.

लिटरला किती मोल त्याला मोलॅरिटी म्हणतात. द्रावणाच्या लिटरला हं, पाण्याच्या नाही. मोलॅलिटी नावाची सख्खी बहीण आहे तिच्यात खाली द्रावकाचे किलो असतात, लिटर नाही, कारण तापमान वाढलं की द्रव फुगतो आणि लिटर बदलतात पण किलो बदलत नाहीत. परीक्षेला दोघींची गल्लत होते, त्यापलीकडं रोजच्या कामात मोलॅलिटी फारशी भेटत नाही.

मोलचा हिशोब माणसं वाचवतो याचं माझ्या मते सगळ्यात मोठं उदाहरण ओआरएस. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज तोलून पाकिटं करून पिंपांतल्या पाण्यात मिसळून लोकांना पाजायला लावलं, आणि जिथं शंभरातली तीसेक माणसं दगावत होती तिथं ते प्रमाण चारच्याही खाली आलं. यामागची केमिस्ट्री अशी की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेतले जातात आणि त्यांच्यामागं पाणी जातं. जोडी म्हटली की नग आले, ग्रॅम नाही. आजच्या ओआरएसचं पाकीट उलटून बघा, सोडियम क्लोराईड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. १३.५ भागिले १८०, ग्लुकोज ७५ मिलिमोल. सोडियम मिठातून साडेचव्वेचाळीस आणि सायट्रेटमधून तिप्पट हिशोबानं साधारण साडेएकोणतीस, मिळून ७४, म्हणजे ७५ च धरा. एकास एक! वजनात २.६ आणि १३.५ बघून ही जोडी कधी दिसली असती का?

आणि आता खालचा आकडा. लिटरचं पाकीट आहे आणि घरी आईनं ते एका पेल्यात, २०० मिलीत कालवलं, मूल थोडंच पितंय म्हणून. संहती झाली पाचपट. नीट केलेल्या ओआरएसमधले सगळे कण मिळून २४५ मिलिमोल होतात, रक्तापेक्षा थोडे कमी, म्हणून पाणी आतड्यातून रक्तात ओढलं जातं. पेल्यातल्या द्रावणात ते १२२५ झाले, रक्ताच्या चौपटीहून जास्त. आता पाणी उलटं रक्तातून आतड्यात यायला लागतं आणि जुलाब वाढतात, शिवाय एवढं मीठ अंगात जातं ते वेगळंच धोक्याचं. औषध तेच, पाकीट तेच! छोटी पाकिटं येतात २०० मिलीसाठीची, ती पेल्यात चालतात, पण मोठं पाकीट फोडलं की पूर्ण लिटरभर पाणी मोजूनच घ्या, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात असंही नको कारण पावडर पाकिटात सारखी मिसळलेली असेलच असं नाही. पाणी उकळून गार केलेलं घ्या, आणि केलेलं २४ तासांत संपवा, नाहीतर टाकून द्या.

लॅबमधल्या मुलांसाठी एक गणित पटकन. सल्फ्युरिक अॅसिडच्या बाटलीवर मोलॅरिटी नसते, लिहिलेलं असतं ९८ टक्के आणि घनता १.८४. एक लिटर अॅसिडचं वजन १८४० ग्रॅम, त्यातलं ९८ टक्के म्हणजे १८०३ ग्रॅम खरं अॅसिड, रेणुवस्तुमान ९८, म्हणजे १८.४ मोल. झालं, १८.४ मोलर. पाण्याचा मिली म्हणजे ग्रॅम हा ठोकताळा इथं का चालत नाही ते कळलं ना? आता १ मोलरचं अर्धा लिटर करायचंय तर सी-वन व्ही-वन बरोबर सी-टू व्ही-टू (सी म्हणजे संहती, व्ही म्हणजे आकारमान), १८.४ गुणिले किती बरोबर १ गुणिले ५००, उत्तर २७.२ मिली. हे सूत्र पाठ करायचं नसतं खरंतर, त्याचा अर्थ एवढाच की पाणी वाढवल्यानं द्राव्य वाढत नाही की कमी होत नाही, आधी जेवढं होतं तेवढंच नंतर. आणि अॅसिड पाण्यात, हळूहळू, ढवळत. पाणी अॅसिडमध्ये कधीही ओतायचं नाही, एवढी उष्णता निघते की वरचं पाणी जागीच उकळून अॅसिडसकट अंगावर उडतं. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय माझ्या लॅबमध्ये कोणी त्या बाटलीला हात लावत नाही.

अर्धा लिटर करायचं म्हणजे ४७२.८ मिली पाणी मोजून ओतायचं का? नाही. आकारमानं अशी सरळ मिळत नाहीत. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र करा, १०० होत नाहीत, ९६-९७ भरतात, कारण रेणू एकमेकांच्या फटीत बसतात आणि जवळ ओढले जातात. म्हणून लांब मानेचा फ्लास्क असतो, त्यात आधी थोडं पाणी, मग अॅसिड, गार होऊ द्यायचं आणि शेवटी मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. पाणी किती लागलं ते मोजायचंच नाही.

बोर्डो मिश्रणाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून तेही सांगते. एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. कोकणात गोव्यात सुपारीच्या कोळेरोगाला आणि आमच्याकडं द्राक्षाच्या डाऊनीला (केवडा रोगाला) हेच, फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या द्राक्षबागांतून १८८५ च्या सुमाराला मिलार्देनं ते जगासमोर आणलं. आता हा एक टक्का कशाचा? तांब्याचा नाही, मोरचुदाचा. मोरचुदाचा निळा खडा म्हणजे नुसतं कॉपर सल्फेट नाही, प्रत्येक नगामागं पाण्याचे पाच रेणू आतच अडकलेले असतात. रेणुवस्तुमान जवळपास २५०, त्यात तांबं ६३.५, म्हणजे किलोभर खड्यात तांबं पावकिलोच्या जरा वर. एक टक्का बोर्डोत तांबं पाव टक्का! म्हणून तांब्याचं दुसरं औषध घेताना लेबलवर तांबं किती टक्के ते बघून तुलना करायची, नुसती ग्रॅमला ग्रॅम लावायची नाही. आणि मोरचूद लोखंडी भांड्यात कधी विरघळवू नका, तांबं लोखंडावर जाऊन बसतं आणि द्रावणातलं कमी होतं. याच गुणावर जुनी परीक्षा आहे, तयार मिश्रणात लखलखीत पातं बुडवायचं, तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

यंदा आप्पांचा पहिला फोन झाला आणि नंतर मणी धरल्यावर डिपिंगच्या, म्हणजे घड द्रावणात बुडवायच्या, वेळी दुसरा आला. ४० पीपीएम, १५ लिटरची बादली. हिशोब त्यांनी स्वतःच केला होता, ४० गुणिले १५, ६०० मिलिग्रॅम, भागिले ०.९, ६६७ मिलिग्रॅम. अडचण वेगळी होती, त्यांच्या काट्यावर एक ग्रॅमच्या खालचं वजन नीट येत नाही. मी सांगायच्या आधी त्यांनीच विचारलं, "एकदम जास्त करून ठेवलं तर, अन् मग त्यातून मापानं काढलं तर?" याला लॅबमध्ये स्टॉक सोल्युशन म्हणतात. ३.३३ ग्रॅम पावडर, म्हणजे ३ ग्रॅम जीए, थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून पाण्यानं बरोबर एक लिटर केलं, झालं ३००० पीपीएम. ३००० गुणिले किती बरोबर ४० गुणिले १५, उत्तर ०.२ लिटर. संध्याकाळी त्यांनी बाटलीचा फोटो पाठवला, चिकटपट्टीवर मार्करनं तारीख, खाली ३००० पीपीएम, आणि त्याखाली मजुरांना कळावं म्हणून मोठ्या अक्षरात: बादलीत आधी २०० मिली हे, मग खुणेपर्यंत पाणी.